चर्चमध्ये लग्न आणि पाळकपदाचं पाचारण: आधी काय?

प्रश्न : मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला, बाप्तिस्मा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत झाला. आता इंग्लंडमध्ये लेस्टरला एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) नर्स आहे. जोडीदार इंग्रज, तोही पुरुष. आम्ही दोघं चर्च ऑफ इंग्लंडच्या इथल्या पॅरिश (स्थानिक) चर्चला नियमित जातो, व्हिकर (तिथले पाळक) आमच्या बाजूने आहेत. मला पाळकपदाचं पाचारण, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी देवाचं बोलावणं, आहे असं मनापासून वाटतं आणि व्हिकर माझं नाव पुढे पाठवायला तयार आहेत. या उन्हाळ्यात चर्चमध्येच लग्न करायचा विचार आहे. चर्चने नकार दिला तर इक्वॅलिटी ॲक्टखाली (भेदभावाविरुद्धचा कायदा) दावा लावता येईल का? आई म्हणते, चर्चचं मत बदलतंय, थोडं थांब.

उत्तर : दावा लावू नका. आणि पाचारणाबद्दल खरंच गंभीर असाल तर या उन्हाळ्यात रजिस्ट्रारकडे जाऊनही लग्न करू नका. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तुम्हाला गोड बोलून चुकीच्या रस्त्याला लावणं त्याहून वाईट.

आधी चर्चमधल्या लग्नाचं. व्हिकर कितीही तयार असले तरी तो अधिकार त्यांच्याकडे नाही. समलिंगी विवाहाच्या २०१३ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये असे विवाह मान्य झाले. इतर पंथांना हवं असेल तर त्यांनी स्वतःहून पुढे यावं, अशी सोय त्यात आहे. चर्च ऑफ इंग्लंडला मात्र मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. या चर्चचे नियम, म्हणजे कॅनन, देशाच्या कायद्याचाच भाग आहेत, आणि पॅरिशमधल्या रहिवाशांचं लग्न लावून देणं हे इथल्या व्हिकरचं जुनं कायदेशीर कर्तव्य आहे. ते कर्तव्य समलिंगी जोडप्यांना लागू होणार नाही, असं संसदेने स्पष्ट लिहून ठेवलं. कॅनन बी ३० नुसार विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं आजन्म बंधन. नकार दिला म्हणून चर्चवर भेदभावाचा दावा चालणार नाही, ही तरतूदही कायद्यातच आहे.

आता पाळकपदाचं. इथे जेरेमी पेम्बर्टन यांचा निकाल नीट समजून घ्या, कारण तुमच्यासारखाच त्यांचाही संबंध रुग्णालयाशी होता. ते दीक्षित पाळक आणि हॉस्पिटल चॅपलेन, म्हणजे रुग्णालयात सेवा देणारे पाळक. २०१४ मध्ये त्यांनी आपल्या जोडीदाराशी नागरी विवाह केला. पुढे त्यांना एनएचएसच्या दुसऱ्या एका रुग्णालयात चॅपलेनची नोकरी मिळाली होती, पण तिथल्या बिशपने पाळक म्हणून काम करायचं लायसन्स नाकारलं आणि नोकरी गेली. पगार देणारं रुग्णालय सरकारी, तरीही ते ट्रायब्युनलमध्ये हरले, अपिलात हरले आणि मार्च २०१८ मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्येही हरले. इक्वॅलिटी ॲक्टच्या नवव्या परिशिष्टात धर्मसंस्थांच्या पदांसाठी अपवाद आहे. पंथाची शिकवण पाळण्यासाठी लैंगिकतेशी किंवा समलिंगी विवाहाशी संबंधित अट घालता येते. ही शिकवण बरोबर की चूक, यात न्यायाधीश पडले नाहीत, पडणारही नाहीत. ती शिकवण खरोखर चर्चची आहे का, एवढंच ते पाहतात. माझ्या मते हा अपवाद गरजेपेक्षा फार रुंद ठेवला आहे, पण आज कायदा हाच आहे. नर्स म्हणून तुमच्या नोकरीला मात्र याने जराही धक्का लागत नाही.

म्हणजे खरा निर्णय होतो जनरल सिनॉडमध्ये, चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रतिनिधी सभेत. आईंचं म्हणणं तिथे तपासून पाहू. सिनॉडची तीन सभागृहं : बिशप, पाळक आणि सामान्य सभासद. फेब्रुवारी २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांचं स्वागत करणारा ठराव आला. बिशपांमध्ये ३६ विरुद्ध ४, पाळकांमध्ये १११ विरुद्ध ८५, सभासदांमध्ये १०३ विरुद्ध ९२ मतं पडली. ठराव साध्या बहुमताने मंजूर झाला आणि त्याच डिसेंबरपासून नेहमीच्या उपासनेत या प्रार्थना म्हणता येऊ लागल्या. तुमच्या व्हिकरची इच्छा असेल तर तुमच्यासाठी ते त्या आजही म्हणू शकतात. एखाद्या व्हिकरने नकार दिला तर सक्ती नाही. पण लग्नासारखी स्वतंत्र उपासना हवी असेल तर ती कॅनन बी २ खाली, तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनीच मंजूर व्हावी लागेल, असा निष्कर्ष बिशपांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. १०३ विरुद्ध ९२ हे दोन तृतीयांशपासून किती लांब आहे, तुम्हीच पाहा.

दोन तृतीयांश मिळवणं अशक्य नाही, हेही सांगतो. स्कॉटिश एपिस्कोपल चर्च हे तुमच्याच अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या चर्चच्या, परिवारातलं. जून २०१७ मध्ये त्यांच्या सिनॉडने विवाहाच्या कॅननमधली स्त्री-पुरुषाची अट काढली. पाळकांच्या सभागृहात ४२ बाजूने, २० विरोधात. ६२ मतांचे दोन तृतीयांश म्हणजे किमान ४२. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर ठराव पडला असता. तुम्हाला पाळकपदापेक्षा चर्चमधलं लग्न अधिक महत्त्वाचं असेल, तर स्कॉटलंडमधल्या एखाद्या तयार पाळकाशी बोला. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चर्चनेही २०२१ मध्ये असे विवाह लावायला मान्यता दिली आहे.

पण पाळकपदाची दीक्षा हवी असेल तर माझा सल्ला सिव्हिल पार्टनरशिपचा, म्हणजे विवाह नसलेल्या पण कायद्याने नोंदवलेल्या जोडीदारीचा. २००५ पासून चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकांना ती करता येते. अट ब्रह्मचर्याची आहे, आणि याबद्दल निवडीच्या वेळी तुमच्याशी मोकळेपणाने बोलणं होईल, हे गृहीत धरा. ही अट मला अमानुष वाटते. ती मान्य करायची की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, वकिलाने नाही. लैंगिकतेबद्दलचं १९९१ चं जे जुनं पत्रक उमेदवारांपुढे ठेवलं जायचं, ते निवडप्रक्रियेतून काढायचं सिनॉडने जुलै २०२५ मध्ये ठरवलं, एवढी हवा नक्की बदलली आहे. तरी नागरी विवाह केलेल्या समलिंगी उमेदवाराला दार आज बंद आहे, आणि ते उघडायला सिनॉडला नवा कायदा करावा लागेल. असा कायदा पुढे संसदेकडेही जातो. कायद्याच्या नजरेने महत्त्वाची गोष्ट ही की सिव्हिल पार्टनरशिपचं रूपांतर पुढे कधीही विवाहात करता येतं. विवाहाचं पार्टनरशिपमध्ये करता येत नाही. म्हणून क्रम सांभाळा.

गावाकडचं घर किंवा शेतात वाटा असेल तर आणखी एक काम आहे. भारतात तुमचा विवाह किंवा पार्टनरशिप मान्य होणार नाही. सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करायला नकार दिला. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती म्हणून तुमच्या तिथल्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागेल आणि जोडीदाराला काहीच मिळणार नाही. मृत्युपत्र पार्टनरशिपची नोंद झाल्यानंतर करा, कारण त्या नोंदीने आधीचं मृत्युपत्र इंग्लिश कायद्यानुसार सहसा रद्द होतं.

शेवटी, चर्चच्या मतदारयादीत तुमचं नाव आहे का? बहुतेक नसेल, आपल्या लोकांना ती माहीतच नसते. बाप्तिस्मा झालेला हवा, वय १६ पूर्ण हवं, आणि पॅरिशमध्ये राहत तरी असावं किंवा सहा महिने नियमित उपासनेला येत तरी असावं. सीएनआयचे चर्च ऑफ इंग्लंडशी सहभागितेचे संबंध आहेत, त्यामुळे फॉर्मवर तसं लिहिलं की पुरतं. या यादीतले लोक वार्षिक सभेत डीनरी सिनॉडवर (आसपासच्या पॅरिशांची सभा) प्रतिनिधी पाठवतात, आणि तेच प्रतिनिधी जनरल सिनॉडमधलं सभासदांचं सभागृह निवडतात. ते दर पाच वर्षांनी निवडलं जातं, गेली निवडणूक २०२१ मध्ये झाली. २०२३ च्या त्या ठरावात फरक अवघ्या ११ मतांचा होता, तो याच सभागृहात. फॉर्म तुमच्या पॅरिशच्या इलेक्टोरल रोल ऑफिसरकडे (मतदारयादी सांभाळणारे) मिळेल. तुमच्या जोडीदाराचाही भरून द्या.