४० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणते मासे ठेवावेत?

दोनच ठेवा, तेही छोटे. माझी पहिली पसंती निऑन गोबी: जेमतेम ५ सेंटीमीटर, स्वभावाने गरीब. टाकीत पैदास केलेला मिळाला तर उत्तम. जोडीला पिवळा क्लाउन गोबी चालेल, पण तो दिवसभर दगडावर ठाण मांडून बसतो. फायरफिश देखणा, मात्र घाबरला की थेट बाहेर उडी, झाकण हवंच.

ब्लू टँगचं नावही काढू नका. दुकानात बोटाएवढं पिल्लू दाखवतात, ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतं.

मासे आणण्याआधी टाकी चार-सहा आठवडे नुसती चालू द्या, अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्यावर आल्याची खात्री करा. आणि उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच घाला. मीठ उडत नाही, टाकीतच राहतं.