'फाम फताल' म्हणजे विषकन्या का?

प्रश्न असा आहे : फिल्म न्वारवरच्या (१९४०-५०च्या दशकांतल्या हॉलीवूडच्या गडद गुन्हेपटांवरच्या) लेखात 'फाम फताल'ला, म्हणजे पुरुषाला मोहात पाडून नाशाकडे नेणाऱ्या बाईला, खलनायिका म्हणावं की विषकन्या? आणि गडद सावल्यांच्या 'लो-की लायटिंग'ला 'मंद प्रकाशयोजना' चालेल का?

पहिल्यासाठी दोन्ही शब्द नकोत. खलनायिका नायकाच्या विरोधात उभी असते. ही बाई त्यालाच गुन्ह्यात ओढते. विषकन्या तर आणखी लांबची. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकातली विषकन्या अमात्य राक्षसाने चंद्रगुप्ताला मारायला योजलेली, चाणक्याने ती पर्वतक राजाकडे वळवली. म्हणजे दुसऱ्याच्या हातातलं हत्यार. फाम फतालचा बेत तिचा स्वतःचा असतो. (हिंदी सिनेमातली 'व्हॅम्प'ही नव्हे, ती बरेचदा क्लबात नाचून बाजूला होते.)

'डबल इन्डेम्निटी' (१९४४) बघा. बार्बरा स्टॅनविकची फिलिस प्रथम दिसते ती जिन्याच्या वर, टॉवेल गुंडाळून. विमा एजंट नेफ खालून मान वर करून बघतोय. ती उतरते तेव्हा कॅमेरा तिच्या पायातल्या साखळीवर. पुढे नेफ गाडीत तिच्या नवऱ्याला मारतो तेव्हा खून दिसतच नाही, दिसतो गाडी चालवणाऱ्या फिलिसचा चेहरा. मात्र ही सगळी हकिगत नेफ डिक्टाफोनवर (आवाज टिपणाऱ्या यंत्रावर) सांगतोय, म्हणजे तिला 'घातक' ठरवणारा तोच. म्हणून मी 'फाम फताल' तसाच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला 'घातक मोहिनी' असा खुलासा जोडीन.

'मंद प्रकाशयोजना' मात्र सरळ चूक. लो-कीमध्ये मुख्य दिवा चांगला जोरदार असतो, कमी करतात तो सावली भरणारा फिल लाइट. हलक्याफुलक्या चित्रपटात चेहऱ्याच्या उजळ आणि सावलीच्या बाजूंचं प्रमाण २:१च्या आसपास असतं. न्वारमध्ये ८:१ किंवा त्याहून जास्त, म्हणजे तीन स्टॉपचा फरक (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट). सगळेच दिवे मंद केले तर चित्र करडं, मळकट येतं, काळं येत नाही. व्हेनेशियन ब्लाइंडच्या (खिडकीवरच्या आडव्या पात्यांच्या पडद्याच्या) सावलीच्या त्या प्रसिद्ध पट्ट्यांनाही छोट्या उगमाचा कडक दिवा लागतो, आणि ब्लाइंड दिव्यापासून दूर, नटाच्या जवळ असावं लागतं. दिव्यापुढे डिफ्यूजन, म्हणजे प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा, लावलं की पट्ट्या पुसट. एरवी हॉलीवूड नायिकेचा चेहरा असंच डिफ्यूजन लावून मऊ ठेवत असे. न्वारमध्ये कडक प्रकाश तिच्याही वाट्याला येतो. तेव्हा 'गडद छायाप्रकाश' म्हणा, किंवा सरळ 'लो-की'.