मायका लावूनही हीटसिंक शॉर्ट होतो तेव्हा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपण्याआधी दोनदा परत उघडली. ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले ७८१५ आणि ७९१५ (अधिक आणि उणे १५ व्होल्ट देणारे रेग्युलेटर) एकाच हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा तुकडा), ७९१५ खाली मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा), मल्टीमीटर बीप देत नाही, म्हणजे शॉर्ट दाखवत नाही, आणि तरी वीसेक मिनिटांनी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा, म्हणजे आउटपुट बाजूचा, फ्यूज उडतो. माझ्याकडे हे जसंच्या तसं घडलंय. फरक एवढाच की माझ्या सेकंडरीला फ्यूज नव्हता. तुम्ही लावलाय, म्हणून तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला.

हीटसिंक केवढा घ्यायचा, पेस्ट किती लावायची हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही. दोन्ही रेग्युलेटर दिसायला सारखे असले तरी ७८१५ चा पत्रा (पाठीमागची धातूची पट्टी) ग्राउंडला असतो आणि ७९१५ चा इनपुटला, म्हणजे तुमच्या १८-०-१८ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर जवळपास उणे २५ व्होल्टला. ७८१५ तुम्ही थेट आवळलाय, त्यामुळे तो अख्खा हीटसिंक ग्राउंड झाला. आता ७९१५ चा मायका कुठेही फुटला की निगेटिव्ह रेल (उणे व्होल्टेजची लाइन) सरळ ग्राउंडला.

माझा मायका फुटला तो भोकाच्या काठावर. ड्रिल मारल्यावर ॲल्युमिनियमची बारीक धारदार कड वर उठते, वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. मी ती काढली नव्हती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटालाही फारशी लागत नव्हती. थंड असताना मीटर गप्प. मग हीटसिंक तापला, पेस्ट पातळ होऊन बाजूला सरकली, आवळलेल्या स्क्रूने पत्रा आणखी दाबला आणि ती कड मायकातून आरपार गेली. बंद करून थंड केलं की पुन्हा सगळं ठीक! यात मी तीन रविवार घालवले. दोष रेग्युलेटरचा समजून चार ७९१५ बदलले.

म्हणून आधी तो स्क्रू काढा. भोकापेक्षा मोठं, ८ मिमीचं ड्रिल बिट हातात धरून काठावर दोनतीनदा फिरवा, दोन्ही बाजूंनी. मग बारीक पॉलिश पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासा. काठावरून कापूस फिरवा, एक जरी तंतू अडकला तरी परत घासा. मायका नवाच घ्या, एकदा दाबलेला परत वापरू नका. बुश (स्क्रूभोवती बसणारा प्लास्टिकचा वॉशर) बघा: स्क्रू पत्र्याला शिवला तरी चालेल किंवा हीटसिंकला शिवला तरी चालेल, दोघांना एकदम शिवता कामा नये. बुशची नळी पत्र्याच्या जाडीपेक्षा लांब असेल तर ती हीटसिंकवर टेकते, पत्रा नीट दबत नाही आणि रेग्युलेटर विनाकारण तापतो. ब्लेडने कापून घ्या. नायलॉनचे स्क्रू माझ्या मते वापरूच नयेत, उष्णतेने ते सैल पडतात.

तपासणी वायरी सोल्डर करण्याआधी करा, बीपवर नव्हे, मीटरच्या २० मेगाओहमच्या रेंजवर. स्क्रू आवळत असतानाच पत्रा आणि हीटसिंकवर प्रोब धरून ठेवा. नंतर हेअर ड्रायरने हीटसिंक चांगला तापवून परत बघा. जोडलेल्या सर्किटमध्ये मोजायचं असेल तर आधी प्लग काढा आणि कपॅसिटर रिकामे होऊ द्या. १०,००० मायक्रोफॅरडवर २.२ किलोओहमचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) असेल तरी दोन मिनिटं लागतात.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. माझा प्रायमरीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूचा, फ्यूज ५ अँपिअरचा होता, कारण दुकानात तोच मिळाला. १८० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला १ अँपिअरच्या आसपासचा स्लो-ब्लो (क्षणिक झटक्याला न उडणारा) फ्यूज पुरतो. शॉर्ट झाल्यावर तो ५ चा उडलाच नाही, ट्रान्सफॉर्मर आतून भाजत राहिला आणि प्रायमरीचं इन्सुलेशन गेलं. २३० व्होल्ट ॲम्प्लिफायरच्या धातूच्या डब्यावर आले. डबा मी अर्थ पिनला जोडला होता, पण भिंतीतल्या सॉकेटची अर्थ वायर पुढे कुठेच जोडलेली नव्हती. आई धूळ पुसत होती. तिचा हात डब्याला लावलेल्या हीटसिंकला लागला आणि ती मागे फेकली गेली. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. माझ्या हातचं सर्किट होतं ते, अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

अर्थिंगसाठी वीज कार्यालयात तीन खेपा घातल्या. मीटरच्या पुढचं आमचं नाही, म्हणाले. सोसायटी म्हणाली, फ्लॅटच्या आतलं तुमचं. मीटरखोलीतून वर येणारी अर्थ वायरच तुटलेली होती, म्हणजे ते आतलंही नव्हतं आणि कुणाचंच नव्हतं! चार महिने गेले. शेवटी परवानाधारक वायरमनला पदरचे पैसे देऊन काम करून घेतलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. तुमच्याकडे आरसीसीबी नसेल तर ॲम्प्लिफायरवर आणखी खर्च करण्याआधी तो बसवा.

मी इंजिनियर नाही, गेली सोळा वर्षं छंद म्हणून करतो. मेन्सच्या बाजूचं काम जाणकाराला दाखवूनच करा. पण माझं मत विचाराल तर पहिल्या प्रोजेक्टला हे दोन्ही रेग्युलेटर एका हीटसिंकवर ठेवूच नका. दोन छोटे हीटसिंक, डब्याच्या आत, डब्याला आणि एकमेकांना न लागणारे. मायकाच नको. आउटपुटला एलएम३८८६ (ॲम्प्लिफायरची आयसी) वापरणार असाल तर तिचा टीएफ प्रकार घ्या, त्याचा पाठचा पत्रा प्लास्टिकने झाकलेला असतो. उष्णता थोडी कमी निघते, म्हणून हीटसिंक जरा मोठा लावा. साध्या टी प्रकाराचा पत्रा निगेटिव्ह रेलला असतो, तिथे हाच घोळ परत होईल. मायका-बुशचे सेट मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात, दहा-वीस जास्तच आणून ठेवा.

आणखी एक, जुन्या भंगारातल्या पॉवर ट्रान्झिस्टरखाली पांढरी सिरॅमिक चकती निघाली तर ती घासू किंवा फोडू नका. ती बेरिलियम ऑक्साइडची असू शकते आणि तिची धूळ फुप्फुसांना फार घातक असते.

७९१५ उघडलात की मायका उजेडासमोर धरून बघा. भोकाभोवती टोचल्यासारखी काळी खूण दिसली तर फोटो टाका, आणि सॉकेटचं अर्थिंग कुणाकडून तपासून घेतलं तेही लिहा.