मालगाडीचा मोगल

एकोणिसाव्या शतकातील मालगाडीच्या एका वाफेच्या इंजिनाला इंग्रजीत ‘मोगल’ म्हणतात. ते नाव दिल्लीच्या बादशहांवरून पडले का आणि त्याला मराठी प्रतिशब्द कोणता, असे एका वाचकाने विचारले आहे. बादशहांवरूनच पडले, परंतु बऱ्याच वळणाने.

आधी एक तक्रार. भक्कन धूर सोडणारे कोणतेही काळे, धिप्पाड इंजिन दिसले की हल्ली त्याला हौशी मंडळी मोगल म्हणून मोकळी होतात. हे चूक आहे. मोगल हा आकार नव्हे, ती चाकांची रचना आहे: पुढे दोन लहान चाके, मग गाडी ओढणारी सहा मोठी चाके आणि मागे काहीही नाही. ओढणारी चाके आठ झाली की तेच इंजिन ‘कन्सॉलिडेशन’ होते.

त्या पुढच्या दोन चाकांत खरी गंमत आहे. अमेरिकेत तोवर सर्रास वापरात असलेल्या इंजिनाला ओढणारी चाके चारच असत, त्यामुळे कोळशाची जड गाडी चढाला लागली की ती रुळाला धरून न राहता जागच्या जागी फिरू लागत. सहा चाकांवर वजन टाकले की पकड वाढे, पण मग पुढची लहान चाके घट्ट बसवलेली असल्यास वळणावर इंजिन अडून बसे. न्यू जर्सीतील पॅटरसन येथील रॉजर्स कारखान्याचे प्रमुख विल्यम हडसन यांनी १८६४ मध्ये यावर पेटंट घेतले. त्यांनी लहान चाकांची जोडी वळणाबरोबर स्वतंत्रपणे फिरेल अशी केली आणि तराजूच्या दांडीसारख्या एका तरफेने ती मोठ्या चाकांच्या स्प्रिंगांशी जोडली, म्हणजे रूळ कोठे उंच, कोठे खोल असला तरी भार दोघांत वाटला जाई.

आता शब्दाकडे वळू. मूळ शब्द ‘मंगोल’. फारसीत त्याचा ‘मुग़ुल’ झाला. बाबर स्वतःला तैमूरचा वंशज समजे आणि मोगल टोळ्यांविषयी त्याने आत्मचरित्रात फारसे बरे लिहिलेले नाही, तरीही बाहेरच्यांनी त्याच्या घराण्याला तेच नाव चिकटवले. इंग्रजीत मात्र हा शब्द ‘मोगल’ असा ओकार घेऊन गेला, आणि हा ओकार साहेबाच्या जड जिभेचा प्रताप आहे असे कोशकार मंडळी सहज लिहून टाकतात. मला ते मुळीच पटत नाही. आपल्या बखरींत ‘मोंगल’ आणि ‘मोगल’ आहे. गोव्याचे पोर्तुगीज त्या बादशाहीला ‘मोगोर’ म्हणत. १५८० मध्ये अकबराच्या दरबारी पोहोचलेले जेझुइट पाद्री गोव्याहूनच निघाले होते. इंग्रजांचा हॉकिन्स १६०८ मध्ये उतरला तो सुरतेला. ज्या किनाऱ्यावर मराठी माणूस, फिरंगी आणि टोपीकर असे तिघेही एकच ओकार उच्चारतात, तो ओकार त्या किनाऱ्याचाच असला पाहिजे, असे माझे मत आहे, आणि ते खोडून काढणारा पुरावा कोणी दाखवेपर्यंत मी ते सोडणार नाही. वर्तमानपत्रांनी गेल्या काही वर्षांत हिंदीच्या नादाने ‘मुघल’ लिहायला सुरुवात केली आहे. अमेरिकेच्या लोखंडी इंजिनाने जपलेला ओकार आपण घरबसल्या टाकून देत आहोत.

इंग्रजीत पुढे ‘मोगल’ म्हणजे बडे प्रस्थ असा अर्थ रूढ झाला आणि इंजिनाला चिकटला तो हा अर्थ. मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टनच्या कारखान्याने १८६६ मध्ये न्यू जर्सीच्या सेंट्रल रेल्वेसाठी बांधलेल्या एका इंजिनाचे नावच ‘मोगल’ होते. काही इंग्रज अभ्यासक मात्र या प्रकाराच्या नावाचे श्रेय आपल्या ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या ‘मोगल’ला देतात. नील्सन कंपनीने त्या रेल्वेसाठी अशी १५ इंजिने १८७८-७९ मध्ये बांधली, त्यांतल्या पहिल्यावर ते नाव होते, आणि दहा वर्षांच्या आत ती सारी मोडीत निघाली. नातवावरून आजोबांचे बारसे करण्याचाच हा प्रकार आहे.

आपल्याकडे याच शब्दाची गत निराळी झाली. निजामाचा मुलूख तो ‘मोगलाई’, आणि ‘येथे काय मोगलाई लागून गेली आहे?’ म्हटले की धाकदपटशा आणि बेबंदशाही. साहेबाने या शब्दातला डामडौल उचलला, आपल्या वाट्याला त्यातला जाच आला. आणखी एक पाहा: प्रवासी गाड्यांच्या इंजिनांना ‘अटलांटिक’, ‘पॅसिफिक’ अशी महासागरांची नावे मिळाली, आणि कोळसा, खनिज, धान्य ओढायला जुंपले ते सम्राट. १८९७ मध्ये बाल्डविन कारखान्याने जपानच्या निप्पॉन रेल्वेसाठी बांधलेल्या मालगाडीच्या इंजिनांवरून ‘मिकाडो’ हे नाव आले; मिकाडो म्हणजे जपानचा बादशहा. पुढे १९४१ मध्ये जपानशी युद्ध जुंपताच काही अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी त्या बादशहाला पदच्युत करून आपला सेनापती ‘मॅकआर्थर’ याला गादीवर बसवले!

राहिला प्रतिशब्द. तो कशाला हवा? मोगल लिहावे, ओकारासह.