बिल भरताना दान मागितलं की लोक वैतागतात, ते कंजूस असतात म्हणून का?

तुम्ही लिहिलंय की पैसे देताना कोणी "अमुक कामासाठी थोडी मदत करणार का" असं विचारलं की चीड येते, मग नाही म्हटलं की अपराधी वाटत राहतं, आणि असं सगळ्यांनाच होतं का की तुमचंच मन छोटं आहे. तुमचं मन छोटं नाहीये. खूप जणांना असंच होतं. मी काही काळ कॅश काउंटरवर काम केलंय, समोर येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायचाच अशी सक्त सूचना होती, त्यामुळे हे मी अगदी जवळून बघितलंय आणि तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की लोकांना द्यायचं जड जात नाही, त्यांना असं कोंडीत पकडलेलं आवडत नाही.

काउंटरच्या आतल्या बाजूने काय दिसतं सांगते. हो म्हणणारा नुसतं हो म्हणतो आणि पिशवी उचलून जातो. नाही म्हणणारा कारण देतो. मी दुसरीकडे देते, मागच्या वेळी दिले होते, आत्ता महिनाअखेर आहे. कोणी विचारलेलं नसतं तरी सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे कमी आणि मागच्या लाइनकडे जास्त बघतात. सोबत लहान मूल असेल तर विचारूच नका, ते मूल वर बघत असतं आई काय म्हणते म्हणून. काही जणांचा आवाज एकदम चढायचा आणि मला कळायचं की हा राग माझ्यावर नाहीये, पण ऐकून मलाच घ्यावं लागायचं. एक गोष्ट इथेच सांगून टाकते, काउंटरवरच्या माणसाने तो प्रश्न स्वतःच्या मनाने काढलेला नसतो, त्याला वरून सांगितलेलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी किती जणांनी हो म्हटलं याचा हिशोबही मागतात. त्यामुळे तक्रार करायची तर वरच्यांकडे करा, त्याच्यावर ओरडू नका प्लीज.

आता लोक कंजूस असतात का या मुद्द्यावर. याच्यावर अर्थशास्त्रज्ञांनी चांगले प्रयोग केलेत. अमेरिकेत बॉस्टनजवळ एका सुपरमार्केटच्या दारांवर ख्रिसमसच्या दिवसांत सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिश्चन सेवाभावी संस्थेचे घंटा वाजवून दान गोळा करणारे लोक उभे केले, कधी एकाच दारावर तर कधी दोन्ही दारांवर, आणि कधी ते नुसती घंटा वाजवायचे तर कधी तोंडाने "कृपया द्या" म्हणायचे. तोंडाने मागितल्यावर दान खूप वाढलं. पण त्याच वेळी, दुसरं दार मोकळं असेल तर जवळपास एक तृतीयांश लोक वळसा घालून तिकडून जायला लागले! म्हणजे बघा, द्यायचंच नसतं आणि मनाला काहीच लागत नसतं तर सरळ समोरून नाही म्हणून गेले असते की. वळसा तोच घालतो ज्याला माहीत असतं की समोर गेलो तर मला नाही म्हणवणार नाही. दुसरा प्रयोग शिकागोजवळचा, २०१२ मध्ये छापून आलेला. घरोघर वर्गणी मागायला जायच्या आदल्या दिवशी दारावर चिठ्ठी अडकवली की उद्या अमुक वेळेला येतोय, तर दार उघडणारे ९ ते २५ टक्क्यांनी कमी झाले. आणि चिठ्ठीवर "आमच्याकडे येऊ नका" असा टिक करायचा चौकोन दिला तेव्हा दान २८ ते ४२ टक्के घटलं. पण मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो की ही घट मुख्यतः छोट्या रकमांमध्ये होती. मोठी रक्कम देणारे मनापासून देतात, ते चौकोन असला तरी देतात. छोट्या रकमा बऱ्याचदा भिडेपोटी निघतात, आणि भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत.

काउंटरवरची मागणी नेमकी याच छोट्या रकमांवर चालते. रक्कम इतकी किरकोळ ठेवायची की नाही म्हणायला लाज वाटावी. वरचे सुटे राउंड अप करू का, म्हणजे बिल पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेऊन वरचा फरक दान करू का, असं विचारलं तर अजून सोपं जातं, २०१९ च्या एका संशोधनात दिसलं की तेवढीच रक्कम सरळ मागण्यापेक्षा राउंड अप म्हणून मागितली तर लोक जास्त तयार होतात कारण ती जाताना खिशाला कमी टोचते. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये पेनीज नावाची संस्था २०१० पासून कार्ड मशीनवर असं चिल्लर दान गोळा करते, आणि अमेरिकेत २०२२ मध्ये अशा मोठ्या ७७ मोहिमांमधून ७४ कोटी डॉलरच्या वर जमले. हा पैसा कुठल्यातरी हॉस्पिटलला, कुठल्यातरी उपाशी माणसाला पोचतो, त्याला नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही.

मशीनच्या स्क्रीनवर प्रश्न आला तर लोक कमी चिडतात हे मात्र मी स्वतः पाहिलं. बटण दाबलं, कोणाला कळलं नाही, विषय संपला. अर्थात स्क्रीनवालेही कमी नाहीत, नाहीचं बटण बारीक आणि फिकट ठेवतात किंवा त्यावर "नको, मला फरक पडत नाही" असलं काहीतरी लिहितात. हे मला काउंटरवरच्या प्रश्नापेक्षाही वाईट वाटतं कारण ते मुद्दाम बसून डिझाइन केलेलं असतं. आधीच टिक लावून ठेवणं तर सरळ चुकीचं. युरोपियन युनियनच्या २०११ च्या ग्राहक हक्कांच्या नियमांत जास्तीच्या पैशांसाठी आधीच टिक केलेला चौकोन चालत नाही, आणि भारतात २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीन डिझाइनच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये न विचारता बिलात दान घुसवणं स्पष्ट नाव घेऊन बंद केलंय.

टॅक्सबद्दलही बोलून घेते कारण दर वेळी कोणीतरी म्हणतंच की कंपनी आपल्या पैशावर टॅक्स वाचवते. साधा हिशोब बघा. तुम्ही दिलेलं दान कंपनीचं उत्पन्न नसतं, ती फक्त गोळा करून पुढे पोचवते, आणि जे उत्पन्नच नाही त्यावर सूट कुठून मिळणार. स्वतःच्या खिशातून कंपनी जे देते त्याची सूट ती घेते, ते वेगळं. नाव मात्र कंपनी कमावते हे खरंय, मोठ्या चेकसोबत फोटो तिचा असतो आणि पैसे लाइनीत उभ्या हजारो लोकांचे. मला विचाराल तर लोकांचा राग इथे बरोबर आहे, स्वतः किती घातले हे कंपनीने तिथेच लिहून लावायला पाहिजे.

तर तुमच्यापुरतं, "आज नको" एवढंच म्हणा. कारण देऊ नका, काउंटरवरच्याला ते नको असतं, पुढचं गिऱ्हाईक आलं की तो तुम्हाला विसरलेला असतो, खरंच सांगते. कुठे द्यायचं आणि किती हे घरी शांतपणे ठरवून थेट त्या संस्थेला दिलंत तर पावतीही तुमच्या नावाची मिळते आणि काउंटरवर मन खात नाही. आणि कधी द्यावंसं वाटलंच तर बिनधास्त द्या, फक्त संस्थेचं नाव विचारून घ्या, "गरजूंसाठी" एवढंच उत्तर आलं तर मी तरी देत नाही.

ऑनलाइन पैसे भरताना मात्र शेवटचं बटण दाबायच्या आधी बिलातल्या ओळी एकदा वाचा, तिथे दानाची ओळ आपोआप आलेली असेल तर काढून टाका आणि स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा.