तंबाखू सोडायला मेडिकलवाल्याची मदत होते का?

होते, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका. 2 मिलिग्रॅमचं निकोटीन गम (तंबाखूची तलफ भागवायला चघळायचं औषधी गम) डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्यांना मात्र चिठ्ठी लागतेच. खरी मदत गम हातात देताना व्हायला हवी. बहुतेक जण ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावतात, मग उचक्या लागतात, घसा जळजळतो आणि 'आपल्याला सोसत नाही' म्हणून परत पुडी फोडतात. हळू चावा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवा (बार भरायची सवय इथे कामी येते!), त्या ओसरल्या की पुन्हा चावा. आधी 15 मिनिटं चहा-कॉफी नको. दुकानात फार्मासिस्ट स्वतः आहे ना, तेवढं बघा. गल्ल्यावरच्या पोराला हे ठाऊक असेलच असं नाही. पुडीवर छापलेला 1800-11-2356 हा क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा, नंबरही फुकट लागतो.