एल्बो ते फ्लोमीटर अंतर पी अँड आयडीवर लिहायचं का?

प्रश्न: सर, मी उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडं ड्राफ्टिंग करालोय, सध्या एका साखर कारखान्याच्या रसाच्या लाईनचं काम आलंय. सहा इंची लाईनवर मॅग्नेटिक फ्लोमीटर हाय आणि त्याच्या अलीकडं एल्बो, म्हणजे पाईपचं वळण. आमचे साहेब म्हणालेत पी अँड आयडीवर (कुठला पाईप, व्हॉल्व्ह, मीटर कशाला जोडलंय ते दाखवणारं ड्रॉइंग) दोघांतलं अंतर मिलिमीटरात टाक, पायपिंगवाले म्हणालेत तिथं डायमेन्शन चालत नाही, काढून टाक. कुणाचं ऐकू सांगा की.
– एक वाचक, खानापूर

उत्तर: डायमेन्शन काढा, पण अंतर काढू नका. पी अँड आयडी स्केलवर नसते, कागदावर बोटभर दिसणारा एल्बो साइटवर वीस फुटांवर असू शकतो, आणि तिथं बाण मारून ७७० मिमी असा आकडा लिहिला तर उद्या लाईनचा साइज बदलला तरी आकडा तसाच राहतो. त्यापेक्षा मीटरजवळ नोट नंबर टाका आणि नोट्समध्ये लिहा, ‘मीटरच्या आधी किमान ५ डी, नंतर किमान २ डी सरळ पाईप, मध्ये कुठलंही फिटिंग नको, डी म्हणजे पाईपचा आतला व्यास.’ ‘किमान’ विसरू नका. मॅग्नेटिक मीटरला ५ आणि २ बऱ्याच मॅन्युअलात असतं, तरी तुमच्या मीटरचं मॅन्युअल उघडूनच आकडा टाका. ओरिफिस प्लेट (प्रवाह मोजायला पाईपमध्ये बसवलेली भोकाची चकती) असती तर आयएसओ ५१६७ हे स्टँडर्ड बघावं लागलं असतं, तिथं एका एल्बोनंतर बीटा (भोकाचा व्यास भागिले पाईपचा आतला व्यास) ०.४ ला १६ डी लागतं आणि ०.६ ला थेट ४२ डी.

खरी चूक होते ती पुढं, आयसोमेट्रिकवर, म्हणजे पाईप बनवायच्या मापांच्या ड्रॉइंगवर (आयसो). सहा इंची शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा वर्ग) पाईपचा आतला व्यास १५४ मिमी, म्हणजे ५ डी झालं ७७०. पण आयसोवर माप एल्बोच्या सेंटरपासून धरतात आणि लाँग रेडियस एल्बो सेंटरपासून तोंडापर्यंत २२९ मिमी खातो, म्हणजे तिथं ७७० टाकलं की सरळ पाईप उरतो ५४१, साडेतीन डी! सेंटरपासून मीटरच्या तोंडापर्यंत एक मीटर तरी हवं. माझ्या एका कामात हेच झालं होतं, गाळप सुरू झालं आणि रीडिंग एका जागी थांबेना, मी दोन दिवस अर्थिंग तपासलं, केबल बदलली, शेवटी टेप घेऊन रॅकवर चढलो तेव्हा एल्बोच्या वेल्डपासून मीटरच्या फ्लँजपर्यंत जेमतेम दीड वीत भरली. हंगाम चालू, लाईन कापू देणार कोण? कारखाना क्लीनिंगला थांबला तेव्हा कुठं स्पूल, म्हणजे पाईपचा तो तुकडा, बदलता आला.

बाकी वेल्ड ते वेल्ड अंतर, सपोर्ट, व्हॉल्व्हचं हँडव्हील फिरायला जागा, हे पायपिंग स्पेक आणि लेआउटमध्ये असू दे, पी अँड आयडीवर त्याची गर्दी नको. ज्या अंतरावाचून प्रोसेस किंवा मोजमाप बिघडतं तेवढ्याचीच नोट. आणि चेकिंगला बसाल तेव्हा ती नोट आयसोवर उतरलीय का ते आधी बघा, कारण फिटरच्या हातात पी अँड आयडी नसते, आयसोच असतो.